एकाची बावीस वर्षं, दुसऱ्याचे दोन आठवडे: विज्ञानकादंबऱ्यांतल्या भेटींमागचं विज्ञान

साध्या कादंबरीत दोन जिवलग दहा वर्षांनी भेटले, तर दोघांचीही दहाच वर्षं गेलेली असतात. एकानं ती सोलापुरात काढली, दुसऱ्यानं दुबईत, पण कॅलेंडर एकच. दोघांचे केस साधारण सारखेच पिकतात. वाचकाला याचा वेगळा विचार करावा लागत नाही.

विज्ञानकादंबऱ्यांच्या लांबलचक मालिकांत मात्र हे गृहीतच धरता येत नाही. तिथं भावाचे दोन आठवडे जातात आणि तेवढ्यात बहिणीची बावीस वर्षं सरतात. कुणी मेलेला परत येतो, पण त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. कुणी वीस हजार वर्षं जगतो आणि त्याला ओळखणारं कुणीच उरत नाही. अशा पात्रांची भेट घडवायची म्हणजे लेखकाला आधी ठरवावं लागतं की भेटतंय कोण, कुणाचं वय किती झालंय आणि कुणाच्या लक्षात काय राहिलंय. हे ठरवायला विज्ञान लागतं. त्या विज्ञानाचे नियम तो किती प्रामाणिकपणे पाळतो, यावर ती भेट वाचकाला भिडणार की नाही हे ठरतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विरहाची किंमत लेखकानं माफ केली नाही, तरच भेट खरी वाटते. ज्या मालिकांनी मला हे शिकवलं त्यांतल्या तीन घेऊन पुढचं समजावतो. त्यांतले महत्त्वाचे प्रसंग उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांना कोरं वाचायचं असेल त्यांनी आधी पुस्तकं वाचून यावं.

सुरुवात वेळेपासून करू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथंच होतो.

आइनस्टाइन यांनी १९०५ साली विशेष सापेक्षता सिद्धांत मांडला. त्याचा एक निष्कर्ष असा की वेगानं जाणाऱ्याचं घड्याळ, थांबलेल्याच्या घड्याळाच्या मानानं हळू चालतं. घड्याळात बिघाड होतो म्हणून नव्हे. तिथला काळच कमी सरतो. नाडीचे ठोके, नखांची वाढ, भूक, सगळंच त्या हिशेबानं चालतं. नेहमीच्या आयुष्यात हे जाणवत नाही, कारण आपले वेग फारच किरकोळ आहेत. हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरहून पुण्याला गेलात, तर वेगामुळे तुमच्या घड्याळात पडणारा फरक सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाहूनही कमी असतो.

आता वेग वाढवू. समजा, सोलापुरात पंचवीस वर्षांच्या दोन जुळ्या बहिणी आहेत. एक इथंच राहते. दुसरी प्रॉक्सिमा सेंटॉरीकडे निघते. सूर्य सोडला तर हा आपल्याला सगळ्यात जवळचा तारा, अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. तिचं यान प्रकाशाच्या ८० टक्के वेगानं जातं. जायला ५.३ वर्षं, यायला तेवढीच, म्हणजे सोलापुरात १०.६ वर्षं उलटतात. घरच्या बहिणीनं तेवढ्यात सिद्धेश्वराच्या दहा यात्रा पाहिल्या, लग्न केलं, आईचं आजारपण काढलं. ती आता पस्तीस वर्षं सात महिन्यांची आहे. यानातल्या बहिणीची मात्र ६.४ वर्षंच गेली. तिला एकतीस पूर्ण होऊन जेमतेम चार-पाच महिने झालेत. वेग ९९ टक्के केला तर फरक आणखी ताणतो. घरी साडेआठ वर्षं जातात आणि यानात सव्वा वर्षसुद्धा पुरतं होत नाही.

इथं हुशार विद्यार्थी हमखास एक शंका काढतो. यानातल्या बहिणीच्या दृष्टीनं सोलापूरच तिच्यापासून दूर धावत होतं, मग घरची बहीण तरुण का नाही राहिली? उत्तर वळण्यात आहे. यानातली बहीण ताऱ्याजवळ पोचून मागे फिरली. तिनं दिशा बदलली, तिला तो धक्का जाणवला. घरचीला असं काही झालं नाही. दोघींचे प्रवास एकसारखे नव्हते, म्हणून दोघींची घड्याळंही एकसारखी राहिली नाहीत. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पॉल लांजव्हँ यांनी १९११ साली अशाच प्रवाशाचं उदाहरण मांडलं होतं. पुढे जुळ्यांच्या विरोधाभासाची म्हणून ही चर्चा जगभर गाजली.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग या दोघांनी अणुघड्याळं साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे जाऊन आलेली घड्याळं सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडून आलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. यात वेगाचा आणि गुरुत्वाकर्षणाचा असा दोन्हींचा परिणाम होता आणि सिद्धांताचा अंदाज त्याला जुळला. खरी जुळी भावंडंही या हिशेबात येतात. मार्क आणि स्कॉट केली हे अमेरिकेचे जुळे अंतराळवीर. स्कॉट २०१५ ते २०१६ असे सलग ३४० दिवस अंतराळ स्थानकात राहिले. या काळात ते जमिनीवरच्या मार्कपेक्षा सुमारे आठ-नऊ मिलिसेकंदांनी कमी म्हातारे झाले, असं गणित सांगतं. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. पण फरक आहे, आणि कादंबरीकाराला एवढा धागा पुरतो.

ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या एंडर मालिकेनं हा धागा शेवटपर्यंत नेला. पहिलं पुस्तक १९८५ चं, दुसरं १९८६ चं. दुसरं सुरू होतं तेव्हा एंडर आणि त्याची बहीण व्हॅलेंटाइन यांनी ग्रहामागून ग्रह फिरत मानवजातीची तीन हजार वर्षं ओलांडलेली आहेत. स्वतः एंडर मात्र अजून पस्तिशीच्या आसपासच आहे. आतापर्यंत दोघं सोबत फिरले, म्हणून त्यांच्यात अंतर पडलं नाही. आता मात्र व्हॅलेंटाइनचं लग्न झालंय, तिला दिवस गेलेत आणि तिला त्या ग्रहावरच राहायचंय. एंडरला बावीस प्रकाशवर्षं दूर जायचंय. निरोपाच्या वेळी दोघांनाही नेमकं ठाऊक असतं की तो पोचेल तेव्हा त्याचे एक-दोन आठवडे गेलेले असतील आणि हिच्या पोटातलं मूल विशी ओलांडून गेलेलं असेल.

निरोपाच्या प्रसंगात लेखक गणित लपवत नाही, म्हणून तो प्रसंग इतका लागतो. परगावी जाणाऱ्या माणसाला आपण ‘लवकर ये’ म्हणतो. इथं त्याला लवकरच येता येईल, आणि तरी तिच्या दृष्टीनं अर्धं आयुष्य गेलेलं असेल.

भेट होते ती १९९१ च्या तिसऱ्या पुस्तकात. आता व्हॅलेंटाइन नवऱ्याला आणि मुलांना घेऊन तोच प्रवास करते. ती यानात असते तेव्हा तिचा काळ हळू चालतो आणि एंडर त्या ग्रहावर संसार करत, कष्ट काढत म्हातारपणाकडे सरकत असतो. पहिल्या प्रवासानं बहीण पुढे निघून गेली होती, दुसऱ्या प्रवासानं भाऊ तिला गाठतो. दोघं समोरासमोर येतात तेव्हा वयातली दरी बरीच भरून आलेली असते. पण ती वर्षं दोघांनी सोबत जगलेली नसतात. गणित वय परत देतं, सहवास परत देत नाही. मला तरी लेखकाची सगळ्यात मोठी कमाई हीच वाटते.

याच पुस्तकात मिरो नावाचा एक तरुण आहे. व्हॅलेंटाइनच्या यानाला वाटेत गाठायला तो अंतराळात जातो आणि परत येतो. त्याचे काही आठवडे, घरच्यांची तीस वर्षं. धाकटी भावंडं त्याच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठी होऊन बसलेली. त्याला कुणी वाईट वागवत नाही. सगळे प्रेमानं भेटतात, पण त्याची जागा भरून गेलेली असते. वर्षानुवर्षं परदेशात राहून गावाकडे परतलेल्या माणसाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्याकडे भागवताच्या नवव्या स्कंधात रेवतीची कथा आहे. तिचा पिता राजा ककुद्मी मुलीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे गेला. तिथं गाणं चाललं होतं, म्हणून थोडा थांबला. गाणं संपल्यावर ब्रह्मदेव हसून म्हणाले, तुझ्या मनात जे वर होते ते तर गेलेच, त्यांच्या वंशांची नावंही उरली नाहीत, सत्तावीस चतुर्युगं उलटली. पुढे रेवतीचं लग्न बलरामाशी झालं. यावरून आपल्या पूर्वजांना सापेक्षता सिद्धांत ठाऊक होता, असं म्हणणं मला पटत नाही. कथेत ना वेग आहे ना गणित. पण थोडं थांबलो आणि भेटायचं कुणी उरलंच नाही, हे दुःख त्या कथाकारानं ओळखलं होतं. आजची विज्ञानकादंबरी त्याच दुःखाला कारण आणि आकडे पुरवते.

वेळेचं झालं. आता शरीराचं.

सोलापूरच्या पार्क चौकात चहा पिताना एका मित्राला मी फ्रँक हर्बर्ट यांच्या ड्यून मालिकेतल्या डंकन आयडाहोची गोष्ट सांगत होतो. त्यानं मधेच कप खाली ठेवला आणि म्हणाला, “काय बे, मेलेला माणूस परत आणला म्हणजे लेखकानं वाचकाला फसवलंच की!” त्याचा आक्षेप रास्त आहे. मरण मागे घेता येत असेल तर आधी रडलो ते वाया गेलं. म्हणूनच हर्बर्ट यांनी ते कसं केलं हे नीट पाहायला हवं.

डंकन हा अट्रायडीज घराण्याचा निष्ठावान योद्धा. १९६५ च्या पहिल्या कादंबरीत तरुण वारस पॉल आणि त्याची आई यांना वाचवताना तो मारला जातो. १९६९ च्या दुसऱ्या कादंबरीत पॉल सम्राट झालेला असताना त्याच्या दरबारात एक भेट येते: डंकनच्या मृत देहापासून पुन्हा घडवलेला माणूस. चेहरा तोच, अंगातली तलवारबाजी तीच. डोळे मात्र धातूचे. नाव हेट. आणि पॉल कोण हे त्याला आठवत नाही. पॉललाही कळतं की हा सापळा आहे, कारण ही भेट शत्रूंनी पाठवलेली आहे. तरी त्याला परत पाठवणं त्याच्यानं होत नाही.

शत्रूंनी हेटच्या मनात एक छुपी आज्ञा पेरलेली असते, योग्य क्षण आला की पॉलला ठार मारायचं. तो क्षण येतो. हात उठतो, आणि त्याच्या आतला जुना डंकन आपल्या धन्याला मारायला नकार देतो. त्या ओढाताणीत आठवणी परत येतात. भेट खरी होते ती या ठिकाणी, चेहरा दिसला तेव्हा झालेली नव्हती. मित्राला मी एवढंच सांगितलं की इथं मरण माफ झालेलं नाही. परत येण्याची किंमत म्हणून डंकनला आपल्याच माणसावर हात उगारावा लागला.

आता यातलं विज्ञान किती? डॉली ही मेंढी ५ जुलै १९९६ रोजी स्कॉटलंडमध्ये जन्मली. प्रौढ प्राण्याच्या पेशीपासून क्लोन केलेली ती पहिली सस्तन प्राणी. २७७ प्रयत्नांतून एक डॉली हाती लागली. आपल्याकडे हरियाणातल्या कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेनं २००९ मध्ये म्हशीचं क्लोन पारडू जन्माला घातलं. म्हणजे शरीराची नक्कल शक्य आहे. पण क्लोन म्हणजे उशिरा जन्मलेलं जुळं भावंड. ते गर्भातून, बाळपणातून, शिकण्यातून पुन्हा जातं. २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेत जन्मलेल्या पहिल्या क्लोन मांजरीच्या अंगावरचे ठिपके तर मूळ मांजरीसारखेही नव्हते, कारण रंगांची ती नक्षी गर्भात वाढताना ठरते.

आठवणींचं काय? आठवणी जनुकांत नसतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. अनुभवानं त्यांच्यातल्या जोडण्या घट्ट होतात, सैल होतात, नव्या बनतात. आठवण तिथं असते. एखाद्या उत्तम पंढरपुरी म्हशीचा क्लोन केला, तर शिंगं तशीच लांब येतील, पण त्या पारडाला जुना गोठा आणि मालकाची हाक ओळखू येणार नाही. डंकनच्या आठवणी पेशींतून परत येतात ही हर्बर्ट यांची कल्पना आहे, आजच्या विज्ञानात तिला आधार नाही. मला ती खटकत नाही, कारण त्या कल्पनेचे परिणाम त्यांनी टाळले नाहीत. १९८१ च्या चौथ्या कादंबरीत साडेतीन हजार वर्षं उलटलेली आहेत आणि सम्राट लेटो एकामागून एक डंकन मागवत राहतो. प्रत्येक नवा डंकन गोंधळलेला येतो, त्याला मूळच्या मरणापर्यंतचं आठवतं, आणि आपल्याआधी कितीजण येऊन गेले हे कळल्यावर तो आतून तुटतो. पहिल्या भेटीत जीव गलबलला होता. तीच भेट शेकडो वेळा झाली की तिचं काय होतं, हेही हर्बर्ट दाखवतात.

सतराव्या शतकातले इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक म्हणत की माणूस तोच आहे की नाही हे शरीरावरून ठरवू नये, त्याच्या जाणिवेच्या सलगतेवरून ठरवावं. डंकनच्या पायी मी हा वाद कितीदा मनात घातला असेल. तरी मला वाटतं, वाचकाचा निकाल लॉकपेक्षा साधा असतो: ज्याच्यासाठी आपण थांबलो होतो तो हाच का?

थांबणं हा खरा मुद्दा आहे. संस्कृत काव्यशास्त्रात एक जुनं वचन आहे. विरहाशिवाय मीलनाला भर येत नाही. कापडाला आधी तुरट द्रव्याचा हात दिला की मग रंग अधिक चढतो, तसं. सोलापूरच्या माणसाला हे पटकन कळावं. सूत किंवा कापड रंगवण्याआधी हिरड्यासारख्या तुरट पदार्थात बुडवण्याची रीत जुनी आहे. तो तुरटपणा धाग्यात मुरतो आणि रंगाला धरून ठेवतो. ती पायरी गाळली तर रंग दिसतो छान, पण धुण्यात जातो. मालिकेतल्या मधल्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या पुस्तकांचं काम असंच असतं. ज्यात आवडतं पात्र नाही, ज्यात त्याची कुणी आठवणही काढत नाही, ते पुस्तक वाचताना वाचकाची चिडचिड होते. ती चिडचिड पुढे भेटीच्या कामी येते.

पुढे काय होणार हे ठाऊक असलं तर भेटीतली जादू जाते, असं काहींना वाटतं. त्यांनी आषाढात आपल्याच सोलापूर जिल्ह्यात टप्पा नावाच्या ठिकाणी एकदा जावं. पंढरपूरच्या अलीकडे ज्ञानेश्वर माउलींची आणि सोपानदेवांची पालखी भेटते, ती बंधुभेट. दरवर्षी होते. ठिकाण ठरलेलं, काय होणार ते सगळ्यांना पाठ. तरी दोन पालख्या जवळ येतात तेव्हा वारकऱ्यांचे डोळे भरतात. तिथं आश्चर्य नसतं, मागची पायपीट असते. मालिका दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाचणाऱ्याला शेवट ठाऊकच असतो आणि तरी तो त्याच पानाशी थबकतो.

मानसशास्त्रात या एकतर्फी नात्याचा अभ्यास झालेला आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ साली रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे जवळिकीचं नातं जुळतं त्यावर लेख लिहिला. पुढे संशोधकांनी हा विचार कादंबरीतल्या पात्रांनाही लावला. समोरचा आपल्याला ओळखत नाही हे माहीत असूनही मन त्याला ओळखीच्या माणसात धरतं. एवढं इथं पुरे.

कारण मला आयझॅक असिमॉव यांच्याकडे यायचंय. भेट काय असते हे मला खऱ्या अर्थानं त्यांच्या यंत्रमानवांच्या मालिकेनं शिकवलं.

१९५४ च्या कादंबरीत न्यूयॉर्कचा पोलीस एलायजा बेली याला एका खुनाच्या तपासात जोडीदार म्हणून डॅनील ऑलिव्हॉ दिला जातो. डॅनील हुबेहूब माणसासारखा दिसणारा यंत्रमानव. बेलीला यंत्रमानव आवडत नाहीत; त्यांच्यामुळे माणसांच्या नोकऱ्या जातात हे त्यानं पाहिलंय. पुस्तक संपेपर्यंत दोघांत विश्वास तयार होतो. १९५७ च्या दुसऱ्या कादंबरीत बेलीला एका परक्या ग्रहावर पाठवतात. तो उभा जन्म छताखालच्या शहरात राहिलेला, मोकळ्या आकाशाची त्याला धडकी भरते. अशात समोर डॅनील येतो. बेलीला वाटतं धावत जावं, त्याला मिठी मारावी, पाठीवर थापा माराव्यात. तो तसं करत नाही, कारण समोर यंत्र आहे हे त्याला आठवतं. न मारलेली ही मिठी वाचकाच्या मनात राहते.

नंतर सव्वीस वर्षं असिमॉव यांनी या जोडीवर कादंबरी लिहिली नाही. तिसरी कादंबरी आली ती १९८३ साली. कथेत मधे मोजकीच वर्षं गेलेली आहेत, बेली आणि डॅनील फारसे बदललेले नाहीत. बदलला तो वाचक. १९५७ मध्ये कॉलेजात असलेला वाचक आता पन्नाशीकडे झुकलेला. एंडर मालिकेत पात्रं तरुण राहतात आणि जग म्हातारं होतं. इथं तर यानात बसून आल्यासारखी पात्रं ताजी आणि वाचकाच्या घरचं घड्याळ मात्र पळालेलं. या पुस्तकात बेली डॅनीलला विचारतो, मला पाहून तुला काय वाटतं? डॅनील भावना असल्याचा दावा करत नाही. तो यंत्राच्या भाषेत प्रामाणिक उत्तर देतो: तुम्ही दिसलात की माझे विचार अधिक सहज वाहतात आणि गुरुत्वाकर्षणाचा भार कमी जाणवतो, असं भासतं. ‘तुझी आठवण यायची’ असं डॅनीलनं म्हटलं असतं तर पात्र खोटं झालं असतं. लेखकानं त्याचा नियम मोडला नाही, म्हणून ते उत्तर थेट काळजाला हात घालतं.

१९८५ ची पुढची कादंबरी दोनशे वर्षांनंतर घडते. बेली केव्हाच वारला आहे. डॅनीलला मरण नाही. बेलीवर प्रेम केलेली ग्लॅडिया हयात आहे, कारण तिच्या समाजातली माणसं शतकानुशतकं जगतात. तिच्यासमोर एक अंतराळ कप्तान येतो. तो बेलीच्या सातव्या पिढीचा वंशज. त्याचं नाव डी. जी. बेली, आणि त्या दोन अक्षरांत डॅनील आणि गिस्कार्ड या दोन यंत्रमानवांची नावं आहेत. पृथ्वीवरच्या ज्या माणसाला यंत्रमानवांचा तिटकारा होता, त्याच्या घराण्यानं आपल्या मुलाला यंत्रमानवांची नावं दिली! कादंबरीच्या वर्तमानात बेली जिवंत नाही आणि तरी तो या नावातून भेटतो.

डॅनीलच्या आठवणीत बेलीची अखेरची भेट आहे. मरणाच्या दारात बेली मुद्दाम डॅनीलला बोलावून घेतो. त्याला काळजी आहे की माणसाला इजा होऊ न देण्यासाठी बनवलेलं हे यंत्र मित्राचं मरण पाहून कोलमडेल. तो त्याला सांगतो की सगळ्या माणसांची आयुष्यं मिळून एक मोठं चित्र विणलं जातंय, एक माणूस म्हणजे त्यातला एक धागा. धागा संपला म्हणून विचलित होऊ नकोस, विणकामावर लक्ष ठेव. भिंतीवर लावायची विणलेली चित्रं ज्या शहरात मागावर निघतात तिथल्या वाचकाला हे वाचून काय वाटतं, ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पुढे डॅनील एका माणसाच्या रक्षणाच्या पलीकडे जाऊन अख्ख्या मानवजातीच्या रक्षणाचा नियम स्वीकारतो, त्याच्या मुळाशी या मित्राचं बोलणं आहे.

मग १९८६ ची कादंबरी. असिमॉव यांची दुसरी प्रसिद्ध मालिका, आकाशगंगेच्या साम्राज्याची ‘फाउंडेशन’, इथं पहिलीला येऊन मिळते. सुमारे वीस हजार वर्षं उलटलेली आहेत. पृथ्वीचा शोध घेत काही प्रवासी अखेर चंद्रावर पोचतात आणि तिथं त्यांना एकजण भेटतो. तो आपलं नाव सांगतो: डॅनील ऑलिव्हॉ. त्या प्रवाशांना या नावाशी काही देणंघेणं नाही. बेली कोण, तो तपास कोणता, ती न मारलेली मिठी कोणती, त्यांना काहीच ठाऊक नाही. त्या खोलीत ओळख पटते ती एकट्या वाचकाला. दोन्हीकडे हजर असलेला तो एकटाच. मी ते पान वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गच्चीवर जाऊन उभा राहिलो होतो.

लांब मालिकेला हे साधतं आणि सुट्या कादंबरीला साधत नाही. पात्रांच्या आठवणी पुसल्या गेल्या, पिढ्या संपल्या, तरी वाचकाच्या डोक्यात सगळं शाबूत असतं. लेखक त्या साठ्यावर विसंबून एक नाव उच्चारतो आणि थांबतो. समजावत बसत नाही.

फसलेल्या भेटी कशा ओळखायच्या? हर्बर्ट १९८६ साली गेले, त्यांची सहावी कादंबरी त्याआधी १९८५ ला आली होती आणि तिच्यात बरंच अधांतरी राहिलं होतं. २००६ आणि २००७ साली त्यांच्या मुलानं सहलेखकासह दोन पुस्तकांत ती कथा पूर्ण केली. तिथं पॉल, त्याची आई, त्याची प्रिया, जुने मित्र, जुने शत्रू असे कितीतरी जण पेशींपासून एकदम परत येतात. मी आतुरतेनं वाचली आणि मन भरलं नाही. एक डंकन परत आला तेव्हा दरबार हादरला होता. सगळेच परत आल्यावर कुणाच्याच येण्याला वजन राहिलं नाही, कारण त्यासाठी कुणी काही गमावलेलं दिसत नाही.

ज्यांना आता वाचायला घ्यायचंय त्यांच्यासाठी क्रमाबद्दल थोडं. असिमॉव यांची पुस्तकं कथेतल्या काळानुसार लावून वाचावीत असं काहीजण सुचवतात. मला ते मान्य नाही. १९८८ चं पुस्तक कथेच्या काळात फाउंडेशनच्या मूळ तीन भागांच्या आधी येतं आणि त्यातही डॅनील वेगळ्या नावानं आहे. त्यापासून सुरुवात केली तर वेष उतरतो, पण तुम्ही त्याला आधी भेटलेलेच नसता. प्रकाशनाच्या क्रमानं जा: १९५१ ते १९५३ चे फाउंडेशनचे तीन भाग, मग १९५४, १९५७, १९८२, १९८३, १९८५, १९८६ आणि त्यानंतर १९८८. १९५७ आणि १९८३ च्या पुस्तकांमध्ये काही महिने जाऊ द्या, दुसरं काही वाचा. हर्बर्ट यांचे सहा भाग सलग वाचले तरी चालतील, पण चौथ्यापाशी सोडू नका, डंकनची कथा पुढे चालू आहे. आणि एंडर मालिकेत पहिलं पुस्तक वाचून पुष्कळजण थांबतात. तसं करू नका, भावाबहिणीची भेट तिसऱ्यात आहे.